विश्लेषण : ‘पौंड फॉर पौंड’ सर्वोत्तम बॉक्सर कोण? उत्तरात आजही शुगर रे रॉबिन्सनच का?

युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक हेवीवेट गटात लढतो. त्याचे वजन १०० किलोच्या पुढे आहे. जपानचा नाओया इनोउए लढतो तो ५५ किलोच्या आसपास. हे दोघे एका रिंगमध्ये कधीच समोरासमोर येणार नाहीत. तरीही गेल्या काही वर्षांत एकाच यादीच्या शिखरावर कधी याचे, तर कधी त्याचे नाव दिसले. ही ‘पौंड फॉर पौंड’ क्रमवारी जाहीर झाली की समाजमाध्यमांवर वाद पेटतो आणि मग सगळ्या काळांतला सर्वोत्तम कोण, हा जुना प्रश्न निघतो. त्या प्रश्नाच्या उत्तरात वारंवार एकच नाव येते. १९८९ मध्ये निधन झालेला अमेरिकी बॉक्सर शुगर रे रॉबिन्सन. त्याची कारकीर्द पाहिली तर ही तुलना कुठवर खरी ठरते आणि कुठे कोलमडते, हे दोन्ही कळते.

‘पौंड फॉर पौंड’ म्हणजे नेमके काय?

सगळ्या बॉक्सरांचे वजन सारखे असते तर कोण जिंकला असता, या कल्पनेवर ही क्रमवारी उभी आहे. बॉक्सिंगमध्ये वजनाला एवढे महत्त्व का, याचे कारण साध्या भूमितीत आहे. शरीर सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढले, तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पण स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात अवलंबून असते. त्यामुळे वजनाच्या हिशेबात लहान शरीर अधिक ताकदवान ठरते. वेटलिफ्टिंगमध्ये हा फरक भरून काढायला सिंक्लेअर गुणांक नावाचे सूत्र आहे. वेगवेगळ्या वजनी गटांतले खेळाडू त्या सूत्राने एका पट्टीवर मोजता येतात. बॉक्सिंगमध्ये असे सूत्र नाही. ठोसा चुकवण्याचा, पायांच्या हालचालीचा किंवा मार सोसण्याचा गुणांक कोण काढणार?

वजनाचे नियम किती कडक असतात, हे भारतीयांना २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कळलेच. विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. रॉबिन्सनच्या कारकिर्दीत मात्र सात किलो जास्त वजनाच्या माणसाशी लढणे ही फार वेगळी गोष्ट नव्हती.

हा शब्दप्रयोग रॉबिन्सनच्या आधीपासून होता. १९१७ ते १९२५ या काळात लाइटवेट जगज्जेता असलेल्या बेनी लिओनार्डसारख्यांसाठी तो वापरला जाई. पण तो रुळला रॉबिन्सनमुळे. कारण उघड होते. त्या काळात हेवीवेट विजेता जो लुईस हाच जगातला सर्वांत मोठा बॉक्सर मानला जात होता आणि रिंगमध्ये तो रॉबिन्सनला हरवू शकला असता, याविषयी शंका नव्हती. तरीही रॉबिन्सन त्याच्यापेक्षा सरस बॉक्सर आहे, असे जाणकारांना वाटत होते. ते सांगायला शब्द हवा होता. थोडक्यात, माणूस आधी आला आणि मोजपट्टी नंतर त्याच्या मापाने बेतली गेली. त्यामुळे त्या पट्टीवर तो पहिला येतो, यात थोडी फसवणूक आहेच.

वॉकर स्मिथचा ‘शुगर रे’ कसा झाला?

त्याचे खरे नाव वॉकर स्मिथ ज्युनियर. जन्म ३ मे १९२१. जन्मदाखल्यानुसार जन्मगाव जॉर्जिया राज्यातील एली. आत्मचरित्रात मात्र त्याने डेट्रॉइट सांगितले आहे. डेट्रॉइटच्या ब्रूस्टर व्यायामशाळेत सराव करणारा जो लुईस हा त्याचा आदर्श. लुईसची बॅग उचलून त्याच्या मागे जाणारा मुलगा, ही त्याची पहिली ओळख. आईवडील वेगळे झाल्यावर आई लीला मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली. तिथे हा मुलगा ब्रॉडवेच्या फुटपाथवर नाचून नाणी गोळा करत असे. पुढे रिंगमधल्या त्याच्या पायांबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली, त्या पायांची तालीम इथूनच सुरू झाली.

हार्लेममधील एका चर्चच्या तळघरात जॉर्ज गेनफर्ड मुलांना बॉक्सिंग शिकवत. स्पर्धेत उतरायला हौशी संघटनेचे कार्ड लागे आणि वॉकरचे वय त्यात बसत नव्हते. मग त्याने रे रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्या मुलाचे कार्ड वापरले. उसने घेतलेले ते नाव आयुष्यभरासाठी चिकटले. त्याची शैली साखरेसारखी गोड आहे, अशा अर्थाची टिप्पणी झाली आणि पुढे ‘शुगर’ लागले. १९३९ मध्ये फेदरवेट आणि १९४० मध्ये लाइटवेट गटात त्याने न्यूयॉर्कची गोल्डन ग्लव्हज स्पर्धा जिंकली. हौशी कारकिर्दीत ८५ विजय आणि शून्य पराभव, असा त्याचा लौकिक सांगितला जातो. खऱ्या नावाने लढताना तो हरल्याचे दाखले काही अभ्यासक देतात. विक्रमांच्या आकड्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न त्याच्या बाबतीत सुरुवातीपासूनच आहे.

व्यावसायिक पदार्पणाच्या रात्री काय घडले?

४ ऑक्टोबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉबिन्सनने पहिली व्यावसायिक लढत दुसऱ्या फेरीत जिंकली. त्या रात्रीची मुख्य लढत होती हेन्री आर्मस्ट्राँग विरुद्ध फ्रिट्झी झिविक.

आर्मस्ट्राँगचे नाव या तुलनेत टाळता येत नाही. १९३७-३८ मध्ये त्याने फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट अशी तीन जगज्जेतेपदे जिंकली आणि तिन्ही एकाच वेळी स्वतःकडे ठेवली. तेव्हा बॉक्सिंगमध्ये एकूण वजनी गट होते आठ. आज ते १७ आहेत आणि चार प्रमुख संघटना प्रत्येक गटाचा आपापला विजेता ठरवतात. आजचा खेळाडू चार-पाच गटांत विजेता झाला अशी बातमी येते, तेव्हा दोन गटांतले अंतर अनेकदा दीड ते तीन किलोच असते. आर्मस्ट्राँगच्या तीन पट्ट्यांचे वजन वेगळे होते.

त्या रात्री झिविकने आर्मस्ट्राँगचे वेल्टरवेट जगज्जेतेपद हिसकावले. १९ वर्षांच्या रॉबिन्सनच्या डोळ्यांसमोर त्याचा आदर्श हरला. वर्षभरात, ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याने झिविकला हरवले, जानेवारी १९४२ मध्ये पुन्हा हरवले. ऑगस्ट १९४३ मध्ये तो खुद्द आर्मस्ट्राँगसमोर उभा राहिला. आर्मस्ट्राँग तेव्हा उताराला लागला होता. दहा फेऱ्यांनंतर रॉबिन्सन गुणांवर जिंकला. पण त्याने आपल्या आदर्शाला जपून मारले, असेच बहुतेकांचे मत झाले. विक्रमांच्या तक्त्यात या लढतीसमोर फक्त ‘विजय’ एवढेच लिहिलेले आहे.

जेक लामोटासमोर वजनाचा हिशेब कसा होता?

‘रेजिंग बुल’ हा मार्टिन स्कॉर्सेसीचा १९८० चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जेक लामोटा माहीत असेल. त्या चित्रपटात रॉबिन्सन हा वारंवार समोर येणारा प्रतिस्पर्धी आहे. प्रत्यक्षात दोघे सहा वेळा लढले आणि रॉबिन्सनने पाच जिंकल्या.

रॉबिन्सन वेल्टरवेट होता. या गटाची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.७ किलो. लामोटा मिडलवेट, मर्यादा १६० पौंड, ७२.६ किलो. मध्ये तेव्हा कोणताही गट नव्हता. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये दोघे दुसऱ्यांदा लढले, तेव्हा लामोटा सुमारे १६ पौंडांनी, म्हणजे सात किलोंहून जास्त जड होता. त्याने आठव्या फेरीत रॉबिन्सनला दोरांमधून बाहेर ढकलले आणि गुणांवर लढत जिंकली. सलग ४० विजयांनंतर रॉबिन्सनचा हा पहिला व्यावसायिक पराभव.

आजचा अपराजित बॉक्सर अशा पराभवानंतर निदान सहा महिने दिसणार नाही. रॉबिन्सन १९ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याशी लढून जिंकला आणि २६ फेब्रुवारीला त्याच डेट्रॉइटमध्ये लामोटाला हरवले. दुसऱ्या दिवशी तो सैन्यात दाखल झाला. फ्लॉइड मेवेदरने २१ वर्षांत ५० लढती जिंकल्या आणि एकही हरला नाही. तो आकडा मोठाच आहे. पण जिंकायची खात्री नसलेल्या माणसासमोर तीन आठवड्यांत पुन्हा उभे राहणे, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

सैन्यातला काळ वादाचा का ठरला?

दुसऱ्या महायुद्धात रॉबिन्सन आणि जो लुईस सैनिकांसमोर प्रदर्शनी लढती करत फिरले. अलाबामातील कॅम्प सायबर्ट येथे बस थांब्यावर गोऱ्यांसाठी राखीव जागेवरून लष्करी पोलिसाने लुईसला हटकले. वाद वाढला तेव्हा रॉबिन्सनने त्या पोलिसावर झेप घेतली. देशासाठी लढायला बोलावलेल्या जगज्जेत्याला बाकावर बसू न देणाऱ्या सैन्यात हे घडले.

त्यानंतर १९४४ मध्ये तुकडी युरोपला निघण्याआधी रॉबिन्सन बेपत्ता झाला. काही दिवसांनी तो रुग्णालयात सापडला. डोक्याला मार लागून स्मृती गेल्याचे त्याचे म्हणणे होते. टीकाकारांनी त्याला पळपुटा म्हटले. लष्कराने सन्मानाने सेवामुक्त केले. त्याच्यावरचा हा डाग पूर्ण पुसला गेला नाही.

जगज्जेतेपदाला मात्र १९४६ उजाडले. त्या काळच्या अमेरिकी बॉक्सिंगवर गुन्हेगारी टोळ्यांचा पगडा होता आणि रॉबिन्सन त्यांच्याशी जुळवून घेत नव्हता. त्यामुळे त्याला संधी लांबत गेली, असे मानले जाते. सत्तरहून अधिक व्यावसायिक लढतींनंतर, २० डिसेंबर १९४६ रोजी त्याने टॉमी बेलला १५ फेऱ्यांत हरवून रिक्त वेल्टरवेट किताब मिळवला. आज १५-२० लढतींत किताब मिळवणारे विजेते सर्रास दिसतात.

जिमी डॉयलच्या लढतीत काय झाले?

हा किताब राखण्यासाठीची पहिली लढत २४ जून १९४७ रोजी क्लीव्हलँडमध्ये होती. प्रतिस्पर्धी २२ वर्षांचा जिमी डॉयल. आदल्या रात्री रॉबिन्सनला स्वप्न पडले, की आपल्या ठोशाने डॉयल मेला. सकाळी त्याने लढायला नकार दिला. आयोजकांनी समजूत घातली, एका धर्मगुरूनेही त्याची भीती काढली. अखेर तो रिंगमध्ये गेला. आठव्या फेरीत त्याचा डावा हुक बसला, डॉयल ताठच्या ताठ मागे कोसळला आणि त्याचे डोके रिंगच्या फरशीवर आपटले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

त्याच क्लीव्हलँडमध्ये वर्षभरापूर्वी डॉयल एका लढतीत बेशुद्ध होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेला होता. तरीही त्याला जगज्जेत्यासमोर उभे करण्यात आले. चौकशीत रॉबिन्सनला विचारले गेले, की डॉयल अडचणीत आहे हे त्याच्या लक्षात आले होते का. प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणणे हाच आपला धंदा आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. ते क्रूर वाटते, पण खोटे नव्हते. डॉयलला कमाईतून आईसाठी घर घ्यायचे होते, हे कळल्यावर रॉबिन्सनने पुढच्या लढतींच्या पैशातून तिच्या नावे रक्कम ठेवली.

रॉबिन्सनने सुमारे २०० व्यावसायिक लढतींपैकी १७० हून अधिक जिंकल्या, त्यातल्या शंभरहून अधिक वेळेआधी. श्रेष्ठत्वाच्या प्रत्येक युक्तिवादात हे आकडे येतात. त्या शंभरात डॉयलही आहे.

१९५१ हे वर्ष शिखर मानले जाते, ते का?

१९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रॉबिन्सन युरोपात गेला आणि साधारण महिनाभरात पाच वेळा लढला. पॅरिसमध्ये दोनदा, ब्रसेल्स, जिनिव्हा आणि नाताळच्या दिवशी फ्रँकफर्ट. पाचही जिंकला. सात आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत लामोटासमोर त्याने मिडलवेट जगज्जेतेपदासाठी लढत दिली. तेराव्या फेरीत रेफ्रीने लढत थांबवली तेव्हा लामोटा दोरांना टेकून उभा होता, चेहरा ओळखू येत नव्हता. पण तो खाली पडला नव्हता. व्हॅलेंटाइन डेच्या हत्याकांडाची उपमा वर्तमानपत्रांनी या लढतीला दिली.

त्या वर्षी तो गुलाबी कॅडिलॅक, न्हावी, मालिशवाला असा सगळा लवाजमा घेऊन पुन्हा युरोपात गेला. पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले. हार्लेममध्ये त्याचा कॅफे, केशकर्तनालय, ड्राय क्लीनिंगचे दुकान असा एका रांगेत पसारा होता. या दौऱ्याची किंमत १० जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये मोजावी लागली. ब्रिटनच्या रँडी टर्पिनने त्याला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवले. सुमारे १३० व्यावसायिक लढतींतला हा फक्त दुसरा पराभव. १९४३ पासून सलग ९१ लढती तो हरला नव्हता. ६४ दिवसांनी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ६१ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर दहाव्या फेरीत डोळ्यावर जखम झाली, रक्त थांबेना. लढत थांबवली जाईल हे ओळखून त्याने त्याच फेरीत टर्पिनवर ठोशांचा असा मारा केला, की रेफ्रीला मध्ये पडावे लागले. किताब परत आला.

जोई मॅक्सिमसमोर मोजपट्टी कुठे तुटली?

‘पौंड फॉर पौंड’ ही कल्पना प्रत्यक्षात तपासायची एक रात्र इतिहासात आहे. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचे यँकी स्टेडियम. मिडलवेट विजेता रॉबिन्सन लाइट हेवीवेट जगज्जेता जोई मॅक्सिमला आव्हान देत होता. या गटाची मर्यादा १७५ पौंड, ७९.४ किलो. रॉबिन्सनचे वजन भरले १५७.५ पौंड आणि मॅक्सिमचे १७३. पावसामुळे लढत दोन दिवस पुढे ढकलली होती आणि त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये भयंकर उकाडा होता. रिंगवरच्या दिव्यांखाली तापमान ४० अंश सेल्सियस.

रॉबिन्सन नाचत राहिला, मारत राहिला, एकामागून एक फेरी जिंकत राहिला. मॅक्सिम फारसा हललाच नाही. जवळ आले की तो आपले वजन रॉबिन्सनच्या अंगावर टाकायचा. साडेपंधरा पौंड जास्त असलेले शरीर दर फेरीत खांद्यावर पेलणे, ढकलणे, त्यातून सुटणे. ठोसा न मारताही मॅक्सिम आपला फायदा वसूल करत होता.

दहाव्या फेरीनंतर रेफ्री रुबी गोल्डस्टाइनलाच उष्णता सहन झाली नाही आणि त्याच्या जागी दुसरा रेफ्री आणावा लागला. तेराव्या फेरीत रॉबिन्सनने मारलेला ठोसा हवेत गेला आणि त्याच झोकाने तो तोंडावर आपटला. घंटा झाली. त्याला ओढत कोपऱ्यात नेले. चौदाव्या फेरीसाठी तो उठू शकला नाही. तोपर्यंत सगळ्या गुणपत्रिकांवर तो स्पष्ट आघाडीवर होता. उरलेल्या दोन फेऱ्या नुसता उभा राहिला असता, तरी तिसऱ्या वजनी गटाचे जगज्जेतेपद त्याचे होते.

सगळ्या कारकिर्दीत वेळेआधी हरण्याची ही त्याची एकमेव वेळ. कौशल्यात तो मॅक्सिमच्या कितीतरी पुढे होता, हे त्या रात्री सिद्ध झाले. वजन ही कागदावर सारखी करून बाजूला ठेवता येणारी गोष्ट नाही, हेही त्याच रात्री सिद्ध झाले. उष्णतेने त्याला हरवले, असे त्याचे चाहते म्हणतात. पण ती उष्णता मॅक्सिमलाही होतीच. त्याला इतके हलावे लागले नाही, कारण तो जड होता.

निवृत्तीनंतर तो का परतला?

१९५२ च्या अखेरीस त्याने निवृत्ती घेतली आणि रंगमंचावर टॅप नृत्य सुरू केले. नाच चांगला होता. पण लढतीइतका पैसा त्यात नव्हता. व्यवसाय तोट्यात गेले, करखात्याचा तगादा लागला. १९५५ मध्ये, ३३ व्या वर्षी तो परतला. दुसऱ्याच लढतीत टायगर जोन्सकडून हरला. तो संपला, असे लिहून झाले. डिसेंबरमध्ये त्याने बोबो ओल्सनला दुसऱ्या फेरीत नॉकआउट करून मिडलवेट किताब तिसऱ्यांदा घेतला.

इंटरनेटवर आज त्याची जी चित्रफीत सर्वाधिक फिरते, ती १ मे १९५७ ची. चार महिन्यांपूर्वी जीन फुलमरने त्याला हरवून किताब घेतला होता. शिकागोतल्या परतीच्या लढतीत पाचव्या फेरीत मागे सरकता सरकता रॉबिन्सनने एकच डावा हुक मारला. त्याआधी कधीही नॉकआउट न झालेला फुलमर खाली गेला आणि दहा आकडे मोजून झाले तरी आपण हरलो हे त्याला कळले नव्हते. पुढे हा ठोसा ‘परिपूर्ण ठोसा’ म्हणून ओळखला गेला. दोन दिवसांनी रॉबिन्सन ३६ वर्षांचा झाला.

त्याच सप्टेंबरमध्ये एक उलटी गोष्ट घडली, जी क्रमवारीच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. वेल्टरवेट विजेता कार्मेन बॅसिलिओ एक गट वर आला आणि त्याने रॉबिन्सनला हरवून मिडलवेट किताब घेतला. म्हणजे इथे लहान माणूस बॅसिलिओ होता! मार्च १९५८ मध्ये रॉबिन्सनने तो परत मिळवला. मिडलवेट जगज्जेता होण्याची ही पाचवी वेळ, वय जवळपास ३७.

वेगवेगळ्या काळांची तुलना करताना काय निसटते?

पहिली अडचण पुराव्याची. रॉबिन्सनचा सर्वोत्तम काळ म्हणजे १९४० च्या दशकातला वेल्टरवेट रॉबिन्सन, यावर जवळपास एकमत आहे. पण त्या लढतींचे चित्रण जवळजवळ उपलब्धच नाही. आपण पाहतो तो तिशीतला, एक गट वर चढलेला, थोडा मंदावलेला रॉबिन्सन. हॅरी ग्रेबचे प्रकरण त्याहून कठीण. तीनशेच्या आसपास लढती केलेल्या या मिडलवेटने १९२२ मध्ये पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीला हरवले. टनीचा तो एकमेव पराभव. ग्रेबच्या एकाही लढतीची चित्रफीत नाही. सॅम लँगफर्ड लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत लढला. कृष्णवर्णीय असल्याने त्याला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढतच मिळाली नाही. त्याला क्रमवारीत कुठे ठेवायचे, हे आकड्यांना विचारून उपयोग नाही.

दुसरी अडचण नियमांची. तेव्हा वजन लढतीच्या दिवशी घेत. आज आदल्या दिवशी घेतात. त्यामुळे आजचा १४७ पौंडांचा बॉक्सर पाणी पिऊन, खाऊन कित्येक किलोंनी जड होऊन रिंगमध्ये येतो. दोघांच्या नावापुढे वेल्टरवेट लिहिलेले असते, पण शरीरे सारखी नसतात. तेव्हाच्या किताबाच्या लढती १५ फेऱ्यांच्या होत, आता १२ फेऱ्यांच्या. आजच्याकडे आहारतज्ज्ञ आहे, चित्रफितींचे विश्लेषण आहे, वर्षाला दोन लढतींची निवांत तयारी आहे. काळयंत्राने रॉबिन्सनला आज आणले तर तो जिंकेल का, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. समोर जे होते त्यांच्याशी तो लढला का आणि त्यांचे काय झाले, एवढेच तपासता येते. या कसोटीवर झिविक, आर्मस्ट्राँग, लामोटा, किड गॅव्हिलान, टर्पिन, ओल्सन, रॉकी ग्रॅझियानो, फुलमर आणि बॅसिलिओ या सगळ्यांवर विजय असलेली यादी दुसऱ्या कुणाकडे नाही. ‘द रिंग’ मासिकाने २००२ मध्ये मागील ८० वर्षांतील सर्वोत्तम ८० बॉक्सर निवडले, तेव्हा पहिला क्रमांक रॉबिन्सनला दिला. त्याआधी १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेसने त्याला शतकातील सर्वोत्तम बॉक्सर ठरवले होते.

त्याच्या नावावरच्या १९ पराभवांचे काय? ते नीट मांडून पाहण्यासारखे आहेत. १९५२ च्या निवृत्तीपर्यंत पराभव तीन. उरलेले १६ पुनरागमनानंतरचे, त्यातले १३ तर १९६० पासूनचे, म्हणजे वयाच्या ३८ व्या वर्षापुढचे. हे पराभव बॉक्सरचे कमी आणि बँकखात्याचे जास्त आहेत.

शेवट कसा झाला?

१९६५ मध्ये ४४ वर्षांचा रॉबिन्सन छोट्या शहरांतल्या छोट्या सभागृहांत लढत होता. मे ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत तो पाच वेळा हरला. १० नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये जोई आर्चरने त्याला खाली पाडले आणि गुणांवर हरवले. ती शेवटची लढत. महिनाभराने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोप समारंभ झाला. टर्पिन, ओल्सन, फुलमर आणि बॅसिलिओ रिंगमध्ये आले. सहा वेळा लढलेला लामोटा नव्हता. १९४७ ची एक लढत जाणूनबुजून हरल्याची कबुली दिल्याने त्याला बोलावले गेले नाही. रॉबिन्सनला भलामोठा चषक मिळाला. तो ठेवायला घरात पुरेसे दणकट टेबल नव्हते, अशी गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. कारकिर्दीत मिळवलेले सुमारे ४० लाख डॉलर तोवर संपले होते.

घरातली बाजूही झाकण्यासारखी नाही. पत्नी एडना मे आणि मुलगा रे ज्युनियर यांनी पुढे त्याच्या मारहाणीबद्दल जाहीरपणे सांगितले. हे लग्न १९६० च्या दशकात मोडले. नंतरच्या पत्नीबरोबर तो लॉस एंजेलिसला गेला. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर लहानसहान भूमिका केल्या. नंतर मधुमेह आणि अल्झायमरने गाठले. ज्या स्मृतीच्या जोरावर तो प्रतिस्पर्ध्याची चाल आधी ओळखायचा, तीच गेली. १२ एप्रिल १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे, वयाच्या ६७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

१९६९ मध्ये त्याने लॉस एंजेलिसमधील गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी एक संस्था सुरू केली होती. मुले तिथे वेगवेगळे खेळ शिकत. पुढे १०० आणि २०० मीटरचे विश्वविक्रम करणारी धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर याच संस्थेत लहानपणी धावायला लागली. संस्थेच्या उपक्रमांत बॉक्सिंगचा समावेश नव्हता.